एकसष्ट टक्के

नाझनीन मुजावरच्या उजव्या गुडघ्याचा आकडा मला कळायला नको होता. तो बघायची परवानगी शिबिराच्या डॉक्टरांना होती, निवड मंडळाला होती आणि तिच्या अब्बांना होती. खुद्द नाझनीनला नव्हती. मी तर कुणीच नव्हते. मी तिची मैत्रीण होते, आणि शेवटच्या आठवड्यात तिची प्रतिस्पर्धी.

आम्ही दोघी गडहिंग्लजच्या. आमच्याकडे फुटबॉलसाठी माणसं जेवण सोडतात. नाझू आणि मी सात वर्षांच्या असल्यापासून एका मैदानावर खेळत होतो. ती मैदानाच्या उजव्या कडेनं, बगलेवरून, पळायची, मी मधून तिला बॉल द्यायची. पूर्ण वेगात असताना उजवा पाय रोवून ती गर्रकन आत वळायची, आणि तिला अडवायला आलेली मुलगी तशीच पुढं निघून जायची. हे वळणं तिला कुणी शिकवलं नव्हतं. बॉल तिच्यापुढं नेमका कुठं टाकायचा हे मलाही कुणी शिकवलं नव्हतं.

सोळाव्या वर्षी आम्हा दोघींना सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिराचं बोलावणं आलं. पुण्याच्या दक्षिणेला एका धरणाच्या काठी शिबिर होतं. देशभरातून चाळीस मुली आल्या होत्या. त्यातल्या तेवीस जणी आशियाई स्पर्धेला जाणार होत्या. पहिल्याच दिवशी पुण्या-मुंबईच्या मुली आम्हाला हसल्या, कारण आम्ही ‘मी आलो, मी जेवलो’ असं बोलायचो. मी दोन दिवसांत ‘आले, जेवले’ करायला लागले. नाझू शेवटपर्यंत ‘आलो’च म्हणत राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉ. सुहिता वर्तक यांनी सगळ्यांना सभागृहात बसवलं. त्यांच्यापुढच्या टेबलावर पांढरं, जाडसर कडं होतं. लहान मुलाच्या पोहण्याच्या टायरएवढं.

“गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधणारी एक दोरी असते,” त्या म्हणाल्या. “करंगळीपेक्षा बारीक. तुम्ही उडी मारून खाली येता, पळता पळता वळता, तेव्हा हाडं जागची हलू नयेत म्हणून ती ताण घेते. या दोरीत असंख्य धागे असतात. प्रत्येक सामन्यात त्यातले काही तुटतात, आणि विश्रांतीत शरीर ते पुन्हा विणतं. काहींचं विणणं तुटण्याच्या पुढं असतं, काहींचं मागं पडतं. मागं पडलेलीला पत्ताही लागत नाही. दुखत नाही, सूज नाही. मग एक दिवस मैदानात फट्‌दिशी आवाज येतो आणि ती खाली बसते.”

असं खाली बसलेलं कुणाला तरी आम्ही प्रत्येकीनं पाहिलं होतं. मुलींमध्ये ही दोरी मुलांपेक्षा कितीतरी जास्त वेळा तुटते, हेही आम्हाला माहीत होतं.

कड्यात गुडघा ठेवायचा. ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी आत सोडून दोरी किती ताणली जाते, किती वेळात पूर्ववत होते, हे ते मोजणार. त्याशिवाय शिबिरभर गुडघ्यावर एक पातळ पट्टी बांधायची. ती प्रत्येक पावलाची नोंद ठेवणार. या दोन्हींवरून संगणकात आमच्या गुडघ्याची प्रतिकृती तयार होणार. ती प्रतिकृती पुढच्या दोन वर्षांचे सगळे सामने आमच्याच चालीनं खेळणार, एकदा नाही तर दहा हजार वेळा. त्यातल्या शंभरामागे जितक्या वेळा दोरी तुटेल, तो आमचा आकडा.

“चाळीसच्या वर आकडा गेला तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय आम्ही मुलीला संघात घेत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि आकडा मुलीला सांगत नाही.”

नाझूनं हात वर केला. “का सांगत न्हाई? गुडघा आमचाच हाय की.”

सगळ्या हसल्या. डॉक्टर हसल्या नाहीत.

“पहिल्या वर्षी सांगत होतो. ज्यांना सांगितलं, त्यांची चाल पंधरा दिवसांत बदलली. वाईट आकडा असलेल्या मुली तो पाय जपून टाकायला लागल्या आणि सगळा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लागल्या. काही जणी त्या दुसऱ्या पायानंच जायबंदी झाल्या. आमची प्रतिकृती जुन्या चालीनं खेळत होती आणि मुलगी नव्या. मग त्या आकड्याला अर्थच राहिला नाही. जिला माहीत नाही, तिचंच भाकीत आम्हाला करता येतं.”

दहा दिवसांनी आकडे पालकांना गेले. माझ्या आईला माझा आकडा आला असणार. तिनं तो मला कधी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. शनिवारी आमच्या प्रशिक्षक, गोव्याच्या फिलोमिना मॅडम, यांनी आम्हा दोघींना मैदानाच्या कडेला बोलावलं. त्या आडपडदा ठेवणाऱ्या नव्हत्या.

“बावीस नावं नक्की झाली आहेत. एक जागा राहिली. नाझनीनला घेतलं तर बगल भक्कम होते, शर्वरीला घेतलं तर मधली फळी. शुक्रवारचा सामना बघून ठरवीन. नंतर कळण्यापेक्षा आत्ता सांगितलेलं बरं.”

तिथून परत येताना नाझूनं माझ्या खांद्यावर हात टाकला. “कोण बी जाऊ दे, जागा गडहिंग्लजचीच,” ती म्हणाली. मीही हो म्हणाले.

रविवारी पालकांना भेटायची परवानगी होती. नाझूचे अब्बा, रशीदचाचा, एकटेच आले. त्यांचं गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या, गिरणीतल्या जळालेल्या मोटरी ते पुन्हा गुंडाळून देत. मी लहानपणापासून त्या दुकानात तांब्याच्या तारेच्या रिकाम्या रिळांशी खेळलेली. नाझू पट्टीची नोंद द्यायला आत गेली तेव्हा त्यांनी मला गाड्या लावायच्या शेडखाली नेलं आणि खिशातून कागद काढला.

“शरू, शंभरात एकसष्ट म्हंजे लई का गं?”

मी कागदावरून नजर काढून घेतली, पण तोवर वाचून झालं होतं. उजवा गुडघा. एकसष्ट.

“चाचा, मला का दाखवताय? आम्ही बघायचं नसतं.”

“मग कुणाला दाखवू? तिची अम्मी ऐकली तर आजच घरी न्यायला लावंल. सही दिली आणि पाय गेला, तर ती सही माझी. न्हाई दिली तर पोरगी जन्मात तोंड बघायची न्हाई माझं.” त्यांनी कागदाची घडी केली, उघडली, पुन्हा केली. “मोटर जळायला आली की मी हात लावून वळखतो. गिऱ्हाइकाला सांगतो, दोन दिस बंद ठेव. मोटरीला काय कळतंय? हिला कसं सांगू?”

त्यांनी कागद खिशात ठेवला.

“एक काम कर माझं. शुक्रवारी यादी लागंपतुर तिला जरा सांभाळून घे. लई पळायला लागंल असा बॉल नको देऊ. तोवर मी ठरवतो काय ते.”

एका जागेसाठी आम्हा दोघींत निवड होणार आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. हो म्हणाले.

सोमवारपासून मी नाझूच्या पुढं बॉल टाकायचा बंद केला. तिच्या पायात द्यायचा, किंवा डावीकडं फिरवायचा. ती हात वर करून पळत सुटायची आणि मी दुसरीकडं बघायची. एकदा ती अर्धं मैदान पळून गेली आणि वळून बघितलं तर बॉल उलट्या बगलेला होता. मंगळवारी फिलोमिना मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी तिच्याकडं बघत लिहिलं, माझ्याकडं नाही. मी मधून चांगली खेळत होते. बॉल सगळा माझ्याकडंच राहत होता.

बुधवारी सरावानंतर मैदानाजवळच्या नळावर तिनं मला गाठलं. बाकीच्या जेवायला गेल्या होत्या.

“तीन दिवस झाले. मला बॉल का देईना झालीस?”

“देतेय की.”

“‘देतेय’ म्हणे! माझ्यासंगं पुण्याचं नको बोलू. तू मला पळूच देईना झालीस. जागा पायजे तर सरळ सांग. मॅडमना जाऊन मी सांगतो, हिलाच घ्या म्हणून. असं चोरून कशाला?”

“मी चोरून काही करत नाही.”

“करालीस. नऊ वर्षं झाली, तुझा पाय कुठं वळणार ते मला डोळे मिटून कळतंय. आणि तू माझ्यापासनं बॉल चोरालीस.”

चोर म्हटलेलं मला सहन झालं नाही. आजही तो शब्द आठवला की कान तापतात.

“तुझा गुडघा तुटणार आहे,” मी म्हणाले. “एकसष्ट आकडा आहे. चाचांनी मला कागद दाखवला. त्यांनीच सांगितलं, तिला पळवू नको म्हणून.”

नळ चालूच होता. नाझूनं खाली बघितलं. आपल्या गुडघ्याकडं ती अशी बघत होती, जणू कुणी आपली वस्तू तिच्याकडं ठेवायला दिली आहे.

“उजवा?”

“हो.”

तिनं बाटली उचलली आणि भोजनगृहाकडच्या पायऱ्या उतरायला लागली. नाझू पायऱ्या कधी उतरायची नाही, दोन-दोन उड्या मारत जायची. त्या दिवशी तिनं डावा पाय खाली टेकवला, मग उजवा त्याच्याशेजारी आणला. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. डॉक्टरांनी पंधरा दिवस सांगितले होते. नाझूला पंधरा सेकंदसुद्धा लागले नाहीत.

गुरुवारी तिनं कार्यालयातून घरी फोन केला. मी बाहेर उभी होते. आधी ती ओरडली, मग बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी एवढंच ऐकू आलं, “अब्बा, सही करा. पाय माझा हाय. करा सही.”

शुक्रवारी सकाळी सामना झाला. आम्ही दोघी एकाच बाजूनं होतो. पहिल्या अर्ध्यात नाझू ओळखू येत नव्हती. बॉल आला की थांबायची, दोन छोटी पावलं टाकायची, मागं देऊन टाकायची. हवेतला बॉल घ्यायला उडी मारली तर एका पायावर, डाव्या पायावर, उतरायची. तिच्यावर नजर ठेवायला नेमलेल्या मुलीला काही कामच उरलं नव्हतं. मध्यंतरात ती सगळ्यांपासून लांब, गवतावर बसली. मी पाणी घेऊन गेले. तिनं घेतलं नाही.

“मी तुला बॉल टाकू का?” मी विचारलं.

“तुझं तू बघ,” ती म्हणाली.

दुसरा अर्धा सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. बॉल माझ्या पायात आला आणि उजवीकडं नाझूचा हात वर गेलेला दिसला. मी बघत राहिले. एक मुलगी माझ्या अंगावर येत होती. मी बॉल टाकला. लांब, मोकळ्या जागेत, नऊ वर्षं टाकत आले तिथं.

ती सुटली. पूर्ण वेगात. शेवटच्या रेषेपाशी आली, उजवा पाय रोवला. मी डोळे मिटले. मला आवाजाची वाट बघवत नव्हती.

आवाज आला तो मुलींच्या ओरडण्याचा. गोल झाला होता.

त्यानंतर तिनं आणखी तीनदा तोच पाय रोवला, तसंच वळून आत शिरली. एकदा तर गरज नसताना. शिट्टी वाजली तेव्हा फिलोमिना मॅडम उभ्या होत्या आणि त्यांची वही बंद होती. त्यांनी काय ठरवलं होतं ते कुणालाही कळलं असतं.

दुपारी डॉ. वर्तकांनी मला एकटीला बोलावलं. पडद्यावर दोन रेषा होत्या.

“ही नाझनीनची चाल,” त्या म्हणाल्या. “बुधवारी दुपारी एक वाजून दहा मिनिटांपर्यंत अशी. त्यानंतर अशी. आजच्या दुसऱ्या अर्ध्यात तर कशाशीच जुळत नाही. ती पडलेली नाही, लचकलेली नाही, तापही नाही. तुम्ही दोघी एका गावच्या, म्हणून तुला विचारते. काय झालं?”

“काय असू शकतं?” मी विचारलं.

“थकवा असेल तर मी आठवड्यानं पुन्हा मोजीन, तोवर तिचं नाव यादीत राहील. तिला आकडा कळला असेल तर मात्र इलाज नाही. नवी चाल अंगात बसायला सहा महिने जातात. तोवर तिचा आकडाच काढता येत नाही, आणि आकड्याशिवाय संघात घेता येत नाही.” मग त्या हळूच म्हणाल्या, “मी तुला असं अडचणीत टाकायला नको. पण तिथं जाऊन तिचा पाय गेला तर त्याचं उत्तर मला द्यावं लागेल.”

मला काही माहीत नाही, एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. ते म्हटले असते तर नाझू गेली असती आणि मी घरी. कदाचित तिथं परक्या मैदानावर तिचा पाय तुटला असता. ही भीती खरी होती. जागा मला हवी होती, हेही खरं होतं. दोन्ही एकमेकांपासून वेगळं करता येत नव्हतं.

“तिला माहीत आहे,” मी म्हणाले. “मीच सांगितलं.”

संध्याकाळी यादी लागली. तेविसावं नाव शर्वरी चौगुले.

रशीदचाचा यादीनंतर तासाभरानं पोचले. बस वाटेत बंद पडली होती. संमतीपत्र त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं होतं, सही केलेलं. सगळं कळल्यावर ते बराच वेळ ती पिशवी हातात धरून उभे राहिले.

“मी तुला सांभाळ म्हणालो होतो, पोरी,” एवढंच ते म्हणाले.

नाझू बॅग घेऊन आली. ती चिडलेली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

“डॉक्टरनी विचारल्यावर न्हाई म्हणता येत नव्हतं?”

“खोटं कसं बोलू, नाझू?”

“बुधवारी गप्प बसाय जमत नव्हतं. आज खोटं बोलाय जमलं न्हाई.” तिनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. “दोन्ही टायमाला तू खरंच बोललीस आणि दोन्ही टायमाला माझंच गेलं.”

अब्बांचा हात धरून ती फाटकाकडं गेली. डावा पाय जरा आधी पडत होता.

मी आशियाई स्पर्धा खेळले. तीन सामन्यांत मिळून पाऊण तास मैदानावर होते. आमचा संघ गटातच बाहेर पडला. गावी परतल्यावर माझी मिरवणूक निघाली, ढोल वाजले, फटाके उडाले. मुजावरांच्या दुकानापाशी आल्यावर पोरांनी ढोल आपणहून थांबवले, आणि पुढं गेल्यावर पुन्हा सुरू केले. मी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं. तरी सगळ्यांना माहीत होतं.

दोन वर्षं नाझू माझ्याशी बोलली नाही. ती गावच्या संघाकडून खेळत राहिली. मी मैदानाच्या भिंतीपलीकडून बघायची. सुरुवातीला ती लंगडल्यासारखी पळायची. मग हळूहळू तिनं दुसरंच काहीतरी बसवलं. वेग आधी थोडा कमी करायची, दोन पावलांत वळायची. जुनी नाझू त्यात नव्हती. पण चांगली होती. लोक आता तिलाच बघायला यायचे.

चोवीस महिने पुरे झाले त्या दिवशी मी डॉ. वर्तकांना फोन केला. नाझूचा गुडघा शाबूत होता.

“म्हणजे आकडा चुकला?” मी विचारलं.

“शंभरातल्या उरलेल्या एकोणचाळीसांत ती असेल,” त्या म्हणाल्या. “किंवा तिनं चाल बदलली म्हणून वाचली असेल. किंवा तू सांगितलं नसतंस तरी वाचली असती. यातलं खरं कोणतं, ते सांगणारं यंत्र आमच्याकडं नाही, शर्वरी.”

पुढच्याच महिन्यात नाझूला मोठ्यांच्या संघाच्या चाचणीचं पत्र आलं. आता आम्ही अठराच्या पुढं होतो. आपला आकडा विचारायचा हक्क मिळाला होता. मी विचारला, तर माझा नऊ निघाला. नाझूच्या पत्राची बातमी गावभर पसरली आणि दुसऱ्या दिवशी नाझू आमच्या दारात उभी राहिली.

“उद्या सकाळी बॉल टाकायला येतीस काय? मधनं टाकणारं कोण न्हाई माझ्याकडं.”

सकाळी मैदान ओलं होतं. आम्ही बुटांच्या नाड्या बांधत बसलो.

“मोजून घेणार आहेस?” मी विचारलं.

“मोजतील ते मोजतील. मी विचारणार न्हाई.” ती नाडीकडं बघत म्हणाली, “तुला मात्र एक विचारतो. खरं सांग. त्या दिवशी डॉक्टरना माझ्या पायाच्या भीतीनं सांगितलीस, का जागेसाठी?”

या प्रश्नाचं उत्तर मी दोन वर्षं तयार करत होते. आता ती समोर बसली होती आणि त्यातलं एकही वाक्य बोलवेना.

“मला माहीत नाही, नाझू. खरंच माहीत नाही.”

तिनं नाडीची गाठ घट्ट ओढली. मग उठली, मागचं गवत झटकलं.

“बरं. टाक बॉल.”

मी उजव्या बगलेला टाकला. ती सुटली, रेषेपाशी गेली, वेग कमी केला, वळली. पाय टेकला, उचलला, पुन्हा टेकला. गुडघा धरून होता. पुढचं पाऊल, त्याच्या पुढचं पाऊल, मी मोजत होते. तिनं परत दिलेला बॉल माझ्या शेजारून कधी निघून गेला ते मला कळलंही नाही.

“ए शरू!” ती लांबून ओरडली. “बॉलकडं बघ की! कुठं बघालीस?”